तबेल्यातली तिसरी तुळई

आमच्या ह्यांना गाव अजून 'धाकटे मिस्त्री' म्हणतं. वय बहात्तर, तोंडात दात मोजून अकरा, पण धाकटे ते धाकटेच. थोरले मिस्त्री म्हणजे माझे सासरे, मामंजी. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी थोरलेपण कुणी ह्यांच्याकडे दिलं नाही आणि ह्यांनीही कधी मागितलं नाही. का मागितलं नाही ते मला लग्नानंतर सहाव्या वर्षी कळलं. गावाला कळायला मात्र सत्तेचाळीस वर्षं लागली. तेच सांगायला बसले आहे. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्याची वेगळी माफी मागत नाही.

चर्चच्या मागे, आवाराच्या कोपऱ्यात, एक तबेला होता. पूर्वी लांबच्या वस्त्यांवरून लोक घोड्यावर बसून नाहीतर गाड्या जोडून उपासनेला यायचे. आत गाणी चालायची तोवर जनावरं तिथे बांधलेली असायची. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. तबेल्यात आधी गवत भरलं, मग मोडकी बाकं, आणि शेवटी नुसते उंदीर उरले. आमचं लग्न जमलं त्या वर्षी चर्चच्या मंडळीने ठरवलं की त्याचा हॉल करायचा. दगडी भिंती दोन हात जाड होत्या, त्या तशाच ठेवल्या. वरचं कुजलेलं छप्पर उतरवून चार नव्या तुळया टाकायच्या, खाली फरशी घालायची, पुढे मोठं दार करायचं, असं काम होतं आणि ते मामंजींना मिळालं. नाव हॉल ठेवलं, पण लोकांच्या तोंडी तबेला बसला तो बसलाच. लग्नाचं जेवण कुठे? तबेल्यात. मंडळीची सभा? तबेल्यात. नव्या सोयरिकीची माणसं आधी नाक मुरडतात, मग आत येऊन त्या थंडगार भिंतीला पाठ लावून बसली की गप्प होतात. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. आता बायका त्यांना पिशव्या अडकवतात.

मामंजींची कामाची एक रीत होती. त्यांचा टेपवर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "टेप वाचावी लागते, वाचताना माणूस चुकतो." म्हणून प्रत्येक इमारतीसाठी ते एक मापाची काठी तयार करायचे, आतल्या भिंतीपासून समोरच्या आतल्या भिंतीपर्यंत, बरोब्बर. तबेल्याची काठी दोन बांबू जोडून केलेली होती. तुळई कापताना काठी टेकवायची आणि दोन्ही टोकांना एकेक हात लाकूड जादा सोडायचं. ते जादाचे हात भिंतीत शिरतात आणि छपराचा सगळा भार तिथे उतरतो. पण हे दोन हात काठीवर नसायचे. ते कापणाऱ्यानं लक्षात ठेवायचे. काठीवरच का घालत नाही, असं कुणी विचारलं तर मामंजी म्हणत, "मग माणूस डोकं घरी ठेवून कामावर येईल."

तर तिसऱ्या तुळईचा दिवस. ह्यांनी एक टोक तयार केलं, तिथे हात सोडला, भिंतीतल्या खांबावर बसायची खाचही पाडली. मग दुसऱ्या टोकाला काठी टेकवली, कोळशाने खूण केली, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी निरोप घेऊन आलं की मुलीकडचे हो म्हणाले. मुलगी म्हणजे मी. हे पंचवीस वर्षांचे. निरोप ऐकला, हसले, करवत उचलली आणि खुणेच्या बाहेर चार बोटं सोडून लाकूड कापून मोकळे झाले. हात राहिला. तेव्हा त्या चुकीत माझाही वाटा आहे, मी नाकारत नाही. त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं तर तुळई पुरेपूर भरली असती.

तेवढ्या लांबीचं दुसरं खोड नव्हतं. एका टोकाला खाच पडलेली, त्यामुळे तुळई इकडेतिकडे सरकवताही येईना. मामंजी पुढच्या बाजूला दाराच्या चौकटीत गुंतलेले. ह्यांनी चार मजुरांना घेऊन तुळई चढवली, आखूड टोकापाशी स्वतः शिडीवर उभे राहिले, आणि कुणाची नजर जायच्या आत दगडाचे तुकडे आणि चुना ठासून भोक बंद केलं. आतून बघणाऱ्याला चारही तुळया सारख्याच भिंतीत शिरलेल्या दिसायच्या. तिसरी मात्र डाव्या भिंतीवर चार बोटं टेकलेली होती. वर कौलं घालायची होती. ह्यांनी हट्ट धरला की कौलं नकोत, पत्रे घाला, पत्रे हलके. मामंजी कौलांचे कट्टर, पण तेव्हा का कोण जाणे, वाद न घालता कबूल झाले.

मला हे कळलं ते आमची मुलगी चार वर्षांची असताना. हॉलमध्ये कार्यक्रम असला की हे सगळ्यांच्या आधी जायचे आणि डाव्या भिंतीला लागून, तिसऱ्या तुळईच्या खाली, एकाच जागी बसायचे. शेजारी कुणाला बसू द्यायचे नाहीत. खुर्ची आडवी टाकायचे, टोपी ठेवायचे, पाय पसरायचे. गाव म्हणायचं, मिस्त्रींना फार माज. त्या दिवशी मुलगी धावत जाऊन ह्यांच्या मांडीवर चढली. ह्यांनी तिला असं ढकललं की ती फरशीवर पडली आणि ओठ फुटला. घरी आल्यावर मी ह्यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. भांडी आपटली, माहेरी निघाले, पिशवी भरली. तेव्हा हे उंबऱ्यात खाली बसले आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ती तुळई आखूड आहे," हे म्हणाले. "पडली तर आधी माझ्यावर पडू दे. म्हणून तिथे बसतो."

मी पिशवी खाली ठेवली. राग गेला असं नाही, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. मी म्हटलं, "मग दुरुस्त करा. मिस्त्री आहात ना?" हे म्हणाले, "भिंत उघडावी लागेल. बाबा विचारतील का." म्हटलं, "विचारू देत. खाणार आहेत का तुम्हाला?" त्यावर ह्यांनी हात जोडले. मी गप्प राहायचं वचन दिलं आणि ते पाळलं, ह्याचा मला आज अभिमान वाटत नाही. कुणाच्याही लग्नात त्या हॉलमध्ये मला घास गिळवला नाही. माझं सगळं लक्ष वर.

हे दरवर्षी एकदा शिडी लावून तुळई भिंतीला मिळते तिथे पेन्सिलीनं रेघ मारायचे आणि पुढच्या वर्षी बघायचे. रेघ केसभरही हललेली नसायची. हे म्हणायचे, "देवानं धरून ठेवलीय." मी म्हणायचे, देवाला दुसरी कामं आहेत.

ह्या एका चुकीनं ह्यांचा सगळा स्वभाव बदलला. माझी सासू म्हणायची लग्नानं बदलला, कारण तिला माहीत नव्हतं. आधी म्हणे कामावर गाणी म्हणायचे. मी आले तेव्हापासून मी काही गाणं ऐकलं नाही. पाळणा असो, दार असो, शवपेटी असो, हे तीनदा मोजणार, मग मला किंवा मुलीला बोलावून चौथ्यांदा मोजायला लावणार, तेव्हा कुठे करवत हातात घेणार. एकदा एका घरी म्हातारबुवा वारले आणि हे पेटीच्या फळ्या मोजतच बसले. बुवांची बायको म्हणाली, "मिस्त्री, आता ते वाढायचे नाहीत." सगळे हसले, रडता रडता हसले. हे नाही हसले. पुन्हा मोजलं आणि मग कापलं.

आणि मामंजींशी बोलणं संपलं. एका छपराखाली राहणारे, एका कामावर जाणारे बापलेक, पण दिवसभरात बोलणं काय तर, "पटाशी द्या," "घ्या." मामंजी कधीकधी ह्यांच्याकडे बघत राहायचे. हे मान वर करायचे नाहीत. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, आज ना उद्या फुटेल हे. काही फुटलं नाही. पुढे मामंजी गेले. मंडळीने हॉलच्या दाराशेजारी एक दगड बसवला. त्यावर मामंजींचं नाव आणि खाली, 'या कामात एकही सांधा चुकला नाही.' दगड बसवायच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणजे मामंजी होते तोवर त्यांची भीती, आणि गेल्यावर त्यांच्या नावाची. भिंत उघडायची राहिली ती राहिलीच.

गेल्या वर्षी सरकारी कचेरीतून पत्र आलं. आमचा तबेला ऐतिहासिक ठरला. जुन्या इमारती बघणाऱ्या एक इंजिनियर बाई आल्या, तरुण, चटपटीत, डोक्याला रुमाल बांधून शिडीवर चढणाऱ्या. त्यांना कड्या आवडल्या, भिंती आवडल्या, दगडावरचं नाव आवडलं. आवडले नाहीत ते पत्रे. म्हणाल्या, मूळ छप्पर कौलांचं होतं, जसं होतं तसं करायचं, तरच नोंद पक्की होईल. गावाला आनंदच आनंद. चर्चच्या पाळकांनी उपासनेनंतर जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

कौलं पत्र्यांच्या कितीतरी पट जड. आजवर जे चार बोटांवर टिकलं ते आता टिकेल ह्याची खात्री कुणी द्यावी?

हे आधी पाळकांकडे गेले. म्हणाले, कौलं गळतात, माकडं फोडतात, पत्रेच बरे. पाळक हसले. "धाकटे मिस्त्री, तुम्हाला तुमच्या बाबांपेक्षा जास्त कळतं का? त्यांचीच इच्छा होती ना कौलांची?" हे तसेच परत आले. जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी अंगणात कौलांची पहिली गाडी लागली आणि हे खिडकीतून नुसते बघत बसले. मी विचारलं, "काय ठरवलंत?"

"माझं नाव जाईल त्याचं काही नाही," हे म्हणाले. "दगडावर बाबांचं आहे. ते गेल्यावर मी त्यांना खोटं पाडू?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "मेलेल्या माणसाचं नाव जपायला जिवंत माणसांना तिथे बसवणार तुम्ही? कौलं चढली की पहिला कार्यक्रम मुलांच्या शाळेचा आहे. किती ठिकाणी एकटे बसणार? रविवारच्या सभेत सांगा. नाही सांगितलंत तर मी उभी राहून सांगते, आणि मी सांगितलं तर कसं सांगते ते तुम्हाला माहीत आहे."

रविवारी सभा हॉलमध्येच होती. हे आपल्या जागी बसले होते. पाळक कौलांच्या कामाबद्दल बोलत होते, तेवढ्यात हे उभे राहिले. हातात टोपी, ती गोल गोल फिरवत होते. ह्यांचा आवाज त्या हॉलमध्ये कुणी फारसा ऐकलेला नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"ही तिसरी तुळई मी कापली," हे म्हणाले. "जवळजवळ हातभर आखूड कापली. डाव्या भिंतीवर चार बोटंच टेकली आहे. मी कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. दगडावर जे लिहिलंय ते त्यांच्यापुरतं खरं आहे. चुकलो तो मी. कौलं चढवू नका."

मग तिसऱ्या तुळईखालच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, एकेक करून. माणसं आपोआप बाजूला होत होती. मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "माझ्या तिन्ही मुलींची लग्नं इथे झाली. तू गप्प बसून जेवलास." हे म्हणाले, "हो." आणखी काय म्हणणार? मी उठून ह्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, त्याच जागी. सत्तेचाळीस वर्षांत तिथे उभं राहायची माझी पहिली वेळ.

इंजिनियर बाई मंगळवारी आल्या. म्हणाल्या, बाहेरून भिंत उघडून बघू, किती टेकली आहे ते कळेल. हे म्हणाले, "मी उघडतो." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. निम्मं गाव जमलं होतं. हॉलच्या डाव्या भिंतीला, बाहेरच्या बाजूने, हे शिडीवर चढले आणि पटाशीने गिलावा काढायला लागले. गिलाव्यामागे दगड, दगडामागे ह्यांनी त्या दिवशी ठासलेले तुकडे असायला हवे होते. ह्यांनी एक दगड सुटा केला, खाली दिला. दुसरा दिला. आणि मग हात थांबला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

बाई दुसऱ्या शिडीवर चढल्या, विजेरीचा झोत टाकला. आत तुकडे नव्हतेच. तुळईच्या आखूड टोकाला दुसरं लाकूड जोडलेलं होतं, त्याच जातीचं, तिरका सांधा घालून, लाकडी खुंट्या ठोकून, वरून लोखंडी पट्टी. त्यामुळे तुळई भिंतीत पुरती हातभर शिरलेली होती. आणि सगळ्याच्या खाली एक भला मोठा सपाट दगड, पार आतल्या गिलाव्यापर्यंत गेलेला. बाईंनी दगडावर बोटांनी ठोकून बघितलं. मग खाली वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या इमारतीतली सगळ्यात मजबूत जागा ही आहे. बाकीच्या तीन तुळयांची काळजी करा, हिची नको. कुणी केलंय हे?"

ह्यांनी त्या लाकडावरून बोटं फिरवली. लाकूड तासायच्या वाकसाचे घाव उलट्या बाजूने उतरलेले होते. आमच्या घरात डावखुरे एकटे मामंजी.

मला तेव्हा हिशेब लागला. लग्नानंतर आठ दिवस आम्ही दोघं माझ्या माहेरी होतो. परत आलो तर हॉलची डावी भिंत बाहेरून नव्याने लिंपलेली. ह्यांनी विचारलं होतं, मामंजी म्हणाले होते, ओल येत होती. आठ दिवसांत एकट्या माणसाने भिंत उघडली, लाकूड जोडलं, दगड घातला आणि बंद केली. कुणाला कळू दिलं नाही, मुलाला तर नाहीच, नव्या नवरदेवाची मान खाली जायला नको म्हणून.

गावाचा जीव भांड्यात पडला. लोक हसायला लागले, ह्यांच्या पाठीवर थापा पडल्या. रविवारचे ते आजोबा येऊन म्हणाले, "जाऊ दे रे, बोललो ते विसर." पाळक म्हणाले, दगडावरचं वाक्य खरंच निघालं. कुणीतरी चहा आणायला पळालं. मलाही आधी हसू आलं आणि मग असा राग आला की सांगता सोय नाही. मामंजींचा राग. एक माणूस आतून गप्प, एक माणूस बाहेरून गप्प, आणि मधल्या भिंतीपायी माझ्या घरात सोळा वर्षं कुणी कुणाशी धड बोललं नाही. माझ्या लेकीचा ओठ फुटला. एक वाक्य बोलायचं होतं, दोघांपैकी कुणीही.

हे शिडीवरून उतरले आणि काढलेल्या दगडांवर बसले. चहा समोर धरला तो घेतला नाही. माणसं पांगल्यावर मी शेजारी बसले. म्हटलं, "सुटलात एकदाचे. आता तरी हसा."

"बाबा अंथरुणाला खिळले होते ना," हे म्हणाले, "तेव्हा सकाळी सगळ्यांना बाहेर पाठवायचे आणि मला एकट्याला जवळ बसवायचे."

मला ते आठवत होतं. मला वाटायचं, घराचं काही सांगत असतील. तसं मी म्हटलंही.

"घराचं काही नाही. एकच विचारायचे. तुला मला काही सांगायचंय का, असं." हातातल्या पटाशीला चुना लागला होता, तो हे अंगठ्यानं काढत होते. "मला वाटायचं, बाबांना संशय आलाय. आता मरताना कशाला दुःख द्यायचं. म्हणून मी म्हणायचो, नाही बाबा, काही नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"अकरा," हे म्हणाले. "शेवटच्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं. तरी डोळ्यांनी विचारलं. तेव्हाही मी नाहीच म्हणालो."